अकरा नंबरचं भाषण

"इथं थांब," कुंभोजकर सर म्हणाले. "मनातल्या मनात तीन मोज. मग आवाज खाली आण आणि म्हण, 'आणि एके दिवशी बाबा गेले.' पुढं पुन्हा थांब. रडू आलं तर येऊ दे. नाही आलं तर मनगट डोळ्याला लाव."

मी मनगट डोळ्याला लावलं.

"असं नको. डोळ्यात चिलट गेल्यासारखं वाटतंय."

"सर, माझे वडील गेले नाहीत. सकाळी कवठ्याला गेलेत, दुधाचा टेम्पो घेऊन."

"अगं, भाषणातले वडील."

"ते दारू पण पीत नाहीत. आणि मी त्यांना बाबा म्हणत नाही, दादा म्हणते."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "मंदाकिनी खराडे, तू वक्तृत्वाला उभी आहेस की कोर्टात साक्षीला?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मी नववीत होते आणि सरांची लाडकी होते, त्यामुळे असं काही ऐकून घ्यायला मला बरंच वाटायचं.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, शाळा पत्र्याची आणि वक्तृत्वाचं वेड मात्र कॉलेजला लाजवेल असं. तालुक्याच्या स्पर्धेला एक फिरती ढाल होती. सलग तीन वर्षं जी शाळा जिंकेल तिची ती कायमची. आम्ही दोन वर्षं जिंकलो होतो. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ऑफिसच्या भिंतीत आधीच खिळा मारून ठेवला होता, आणि जाता-येता प्रत्येक जण त्या मोकळ्या खिळ्याकडे बघून माझ्याकडे बघायचा.

भाषण मुलांनी स्वतः लिहायचं असतं, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. खडू जसा सर आणतात तसं भाषणही सरच आणतात, एवढंच ठाऊक. मुलांचं काम पाठ करायचं, हात हलवायचे आणि वेळेत संपवायचं. आमच्याच शाळेत असं होतं असं समजू नका. सगळीकडेच होतं.

पण ते भाषण होतंच तसं. दिलेल्या विषयांपैकी सरांनी व्यसनाचा धरला होता, आणि दरवर्षी असल्या विषयावर जे फुसके आकडे आणि उपदेश असतात त्यातलं काहीच त्यात नव्हतं. एक मुलगी आपल्या घराची गोष्ट सांगते, बस. त्यात एक वाक्य होतं: "उंबऱ्याबाहेर चपला सरळ दिसल्या की आई चूल पेटवायची. वाकड्या दिसल्या की आम्हा भावंडांना शेजारी पाठवायची." पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी सरांना विचारलं होतं, "सर, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"निरीक्षण लागतं," सर म्हणाले होते.

घरी मी दादांना सगळं सांगितलं. दादा टेम्पोतले कॅन धूत होते. त्यांना हसू आवरेना.

"म्हण की. माजं काय झिजतंय त्यात? ढाल मिळाली म्हंजे झालं. फकस्त डेरीच्या चेअरमनच्या कानावर जाऊ दिऊ नगंस. ड्रायव्हरची नोकरी हाय."

आईला मात्र ते अजिबात रुचलं नाही. "जित्या माणसाला मारत्यात व्हय भाषणात? काय मास्तर हाय का कोण," असं म्हणत तिनं दादांवरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली.

स्पर्धेच्या दिवशी सर आणि मी वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं तालुक्याला गेलो. सरांनी माझ्यासाठी घरून खडीसाखर आणली होती. घसा बसू नये म्हणून वाटभर मला बोलूही दिलं नाही. सर वाईट माणूस होते असं मी आजही म्हणणार नाही. पण चांगल्या माणसानं केलं म्हणून चोरीला दुसरं नाव देणारही नाही.

चिठ्ठ्या टाकून नंबर काढले. मला तीन नंबर आला. टाचणीनं तो छातीवर लावून मला एका वर्गात नेऊन बसवलं.

वक्तृत्वाच्या स्पर्धेआधीची खोली ज्यानं बघितली नाही त्याला ती वेड्यांची वाटेल. सगळी पोरं भिंतीकडे तोंड करून उभी. एक जण खिडकीच्या गजांना "बंधू-भगिनींनो" म्हणतोय, दुसरी फळ्याला जाब विचारतेय. मीही एक कोपरा धरला. माझ्या शेजारी एक बारकीशी मुलगी होती. गणवेश कुणाचा तरी मोठा, बाह्या आत दुमडून शिवलेल्या. ती हात हलवत नव्हती. हात मागं बांधून, तोंडातल्या तोंडात बोलत होती.

"...चपला सरळ दिसल्या की आई चूल पेटवायची. वाकड्या दिसल्या की आम्हा भावंडांना शेजारी..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या दंडाला धरून तिला वळवलं.

"ए, हे भाषण माझं आहे. तुला कुणी दिलं?"

"काय?"

"चपलांचं. ते माझं आहे."

ती घाबरली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहराच बदलला. ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "तुझे पण वडील पितात?"

इतक्या मायेनं मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. आपल्यासारखं दुसरं कुणी भेटलं म्हणून तिला बरं वाटलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "माझे नाहीत पीत."

"मग चपलांचं तुला कसं कळलं?"

"सरांनी लिहून दिलंय."

"कुठल्या सरांनी?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. कुंभोजकर सर व्हरांड्यात इतर शिक्षकांबरोबर उभे होते आणि बशीतून चहा पीत होते. तिनं बघितलं.

"हे कराडला परीक्षक होते," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. मी हेच बोलले होते तिथं. मला उत्तेजनार्थ मिळालं. मग ह्यांनी मला बोलावलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, फार छान लिहिलंयस पोरी, प्रत असली तर दे. मी वहीची पानं फाडून दिली. मला वाटलं..." काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. "तुझा नंबर कितवा?"

"तीन."

तिनं मान खाली घालून स्वतःच्या छातीवरचा नंबर बघितला. अकरा.

"म्हणजे आधी तूच बोलणार," ती म्हणाली. "मग मी उठले की सगळे म्हणणार, हिनं चोरलं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ती मात्र क्षणात समजली. तेवढ्यात शिपायानं दारातून एक नंबरला हाक मारली.

मी तिला बरोबर कोण शिक्षक आलेत ते विचारलं, तर कुणीच नव्हते. मग नाव विचारलं. सुगंधा लोंढे. मग मी तडक व्हरांड्यात गेले आणि सरांना बाजूला घेतलं.

"सर, ते भाषण त्या मुलीचं आहे. सुगंधा लोंढे. ती इथं आलीय."

सरांनी बशी कठड्यावर ठेवली. नाकारलं नाही, हे मात्र खरं. "लोंढे... हो, आठवतं. बरी बोलली होती. मुद्दे चांगले होते, पण मांडणी कच्ची. मांडणी मी केली."

"सर, ते मुद्दे नाहीत. तिचं घर आहे ते."

"हळू बोल. हे बघ, शब्द सगळ्यांचेच असतात. आपण लोकांपुढं आणले नसते तर कळले असते का कुणाला?"

"ती स्वतःच आणतेय की. आज. अकरा नंबरला."

"मग तिचं ती बघेल. तिच्या शाळेचे शिक्षक आहेत."

"तिच्याबरोबर शिक्षक आलेले नाहीत. आणि मी आधी बोलले तर चोर ती ठरते, सर."

सरांनी कठड्यावरची बशी उचलून पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "मुख्याध्यापकांनी खिळा मारून ठेवलाय, मंदाकिनी. मी काय सांगू त्यांना?" आणि लगेच आवाज बदलून, "तीन नंबर पुकारला की नीट जा. थांबायच्या जागा विसरू नको."

पुढं लोक मला धीट म्हणाले. तसं काही नव्हतं. मला राग आला होता, एवढंच. त्या वाक्यावर मी महिनाभर जीव टाकला होता. 'निरीक्षण लागतं,' हे सरांचं उत्तर आठवलं आणि माझं डोकंच फिरलं.

सभागृह गच्च भरलं होतं. स्टेजसमोर टेबलामागं तीन परीक्षक. मधे निवृत्त मुख्याध्यापिका इनामदार बाई, पांढरी साडी, कपाळाला आठी. सूत्रसंचालनाला यजमान शाळेचे पर्यवेक्षक शेटे सर, माणूस सतत घड्याळाकडे बघणारा. माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभी राहिले.

"माझा नंबर तीन," मी म्हणाले. "मला एक भाषण पाठ आहे, पण ते माझं नाही. ते अकरा नंबरच्या मुलीचं आहे. तिचं मी आधी बोलले तर मागून ती चोर ठरेल. म्हणून मी बोलणार नाही."

सभागृहात कुजबुज उठली. शेटे सरांना यात काही विशेष वाटलं नाही. "बरं बाळ, ये खाली. गैरहजर लिहू. नंबर चार..."

तेवढ्यात मागून कुंभोजकर सरांचा आवाज आला. गोड, काळजीचा. "मुलगी घाबरलीय हो. पाठ विसरलं की मुलं असं काहीबाही बोलतात. तिला दोन मिनिटं द्या."

"विसरले नाही, सर," मी माइकमध्येच म्हणाले. "सगळं येतंय. कुठं रडायचं तेसुद्धा येतंय."

पोरं हसली. इनामदार बाईंनी हात वर केला आणि हसणं थांबलं.

"तुला भाषण कुणी दिलं?"

सरांकडे बघितलं असतं तर कदाचित बोलले नसते. मी बघितलं नाही.

"आमच्या कुंभोजकर सरांनी."

"बाई, भाषणं शिक्षकच देतात," सर उभे राहून म्हणाले. आता आवाज गोड नव्हता. "इथं बसलेल्या कुणाही शिक्षकाला विचारा."

पंचवीस-तीस शिक्षक बसले होते. कुणी रुमाल काढला, कुणाला बुटाची नाडी आठवली. नाही म्हणायला एकही उठला नाही, हो म्हणायलाही नाही.

"देतात, ठाऊक आहे मला," इनामदार बाई म्हणाल्या. "तुम्ही हे लिहिलंत का, एवढंच सांगा."

सरांनी घसा साफ केला. "संकलित आहे."

बाईंनी तो शब्द पुन्हा एकदा स्वतःशी उच्चारला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पण शेटे सरांना स्पर्धा जेवणाआधी संपवायची होती.

"वाद नको," ते म्हणाले. "एका भाषणावर दोन शाळांचा दावा आहे. तीन आणि अकरा, दोन्ही नंबर बाद. पुढचा स्पर्धक, नंबर चार."

हे मला अपेक्षित नव्हतं. सुगंधा मागच्या दारात उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि छातीवरची टाचणी काढायला लागली. वाद घालायचा असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते दोन वेळच्या जेवणाइतकं नेमानं चालायचं.

मी स्टेजवर खाली बसले. मांडी घालून, माइकच्या दांड्यापाशी.

"हे काय?" शेटे सर म्हणाले.

"अकरा नंबर बोलल्याशिवाय मी उठणार नाही."

"अगं ए, उठ. शिपाई!"

"मला बाद करा. माझं काही म्हणणं नाही. तिनं काय केलंय? ज्याच्या घरातलं गेलं त्यालाच चौकीत बसवताय."

चार नंबरचा मुलगा पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला होता. बिचाऱ्याला वर यावं की खाली जावं कळेना. शिपाई आला, पण नववीच्या मुलीला धरून ओढायचं कसं, म्हणून तोही उभाच. कुंभोजकर सर स्टेजजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मंदाकिनी, शाळेची अब्रू घालवू नको."

"मी नाही घालवली, सर."

इनामदार बाईंनी टेबलावरची घंटा दाबली. वेळ संपल्याची घंटा ती, पण त्यांनी बराच वेळ दाबून धरली.

"शेटे, अकरा नंबर बोलेल," त्या म्हणाल्या. "आणि आत्ताच बोलेल, चारच्या आधी. मग जेवणाला उशीर झाला तर माझ्या नावावर घाला." मग माझ्याकडे वळून, "तू बाद आहेस."

"चालेल," म्हणून मी उठले.

सुगंधा वर येत होती. पायरीवर आम्ही समोरासमोर आलो. मला वाटलं ती हसेल. ती चिडलेली होती.

"कशाला सांगितलंस गं सगळ्यांना? आता सगळ्यांना कळलं, ते खरं आहे म्हणून."

"मग काय करायचं होतं? मी बोलायचं होतं?"

तिनं जरा विचार केला. "नको," म्हणाली, आणि वर गेली.

ती माझ्यासारखी बोलली नाही. आवाज चढवला नाही, पाडला नाही. दळण आणायला गेलेलं सांगावं तसं सांगत होती. सरांचे 'बाबा' तिचे 'आप्पा' होते. चपलांचं झालं. आईनं कर्णफुलं पिठाच्या डब्यात लपवली आणि आप्पांनी ती कशी शोधली, ते झालं. चौथीत तिचा पहिला नंबर आला तेव्हा आप्पा पेढे आणायला गेले आणि चार दिवसांनी परत आले, तेही झालं. यातला एकेक शब्द मला पाठ होता. तरी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग ती थांबली. ती जागा मला माहीत होती. माझ्याही नकळत मी तीन मोजले, आणि आता आप्पा जाणार म्हणून डोळे मिटून घेतले.

"हे भाषण आप्पांनी ऐकलंय," सुगंधा म्हणाली. "मी घरी पाठ करत होते तेव्हा. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, खरं हाय ते बोल. ह्या महिन्यात ते दोनदा प्यायले. काल नाही प्यायले. आज मला सायकलवरून घेऊन आलेत, बाहेर फाटकापाशी उभे आहेत. आत यायला लाजतात. आजचं अजून काही सांगता येत नाही. माझं संपलं."

जय हिंद नाही, कविता नाही, काही नाही. टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते कुणालाच कळेना. इनामदार बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पहिली टाळी वाजवली. मग लोकांनी वाजवल्या, पण अर्ध्यामुर्ध्या. अर्धे लोक माना वळवून फाटकाकडे बघत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मला सरांची माफी मागायला उभं केलं. मी उभी राहिले आणि माफी मागितली नाही. मग दादांना बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांचं सगळं ऐकून दादा म्हणाले, "तिला मी भाषणात मेलेलो चाललो असतो, पर तिला दुसऱ्याच्या बापाचं चाललं न्हाई. ह्यात तिचं काय चुकलं ते मला कळंना झालंय." दहावी होईपर्यंत मला एकाही स्पर्धेला पाठवलं नाही. मी रडले वगैरे नाही. निबंध स्वतः लिहायला लागले, वाईट लिहिले, गुण कमी पडले. पण माझे पडले.

पण मला शेवट तिथं करायचा नाही. त्या दिवशी दुपारी निकाल लागला. ढाल तिसऱ्याच शाळेला गेली, झाडांवरचं पाठ केलेलं भाषण करणाऱ्या एका मुलाला. सुगंधाला उत्तेजनार्थ. इनामदार बाईंनी तो निकाल वाचताना बाजूच्या दोघा परीक्षकांकडे एकदाही बघितलं नाही.

आम्ही जीपची वाट बघत रस्त्यावर थांबलो होतो. सर माझ्याशी बोलत नव्हते. समोर फाटकापाशी एक उंच, वाळकासा माणूस टोपीनं सायकलचं कॅरिअर पुसत होता आणि सुगंधा त्याला हातातलं प्रमाणपत्र दाखवत होती. तो ते लांब धरून वाचत होता.

सरांनी तिकडं बघितलं. त्यांना राहवलं नाही. शेवटी माणूस शिक्षक, चूक दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

"शेवटच पाडला तिनं," ते म्हणाले. "सगळं जमवत आणलं होतं. तिथं बाप मेला असता ना, तर आज ढाल तिचीच होती."

मी सरांकडे बघितलं आणि फाटकाकडे हात केला.

"ते उभे आहेत, सर. जाऊन सांगा त्यांना."